इंग्रजी शब्द उलगडताना: प्रत्यय आधी, उपसर्ग नंतर

शिरपूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या ताईंनी मला विचारले आहे की, त्यांनी मुलांकडून चाळीस उपसर्ग आणि तितकेच प्रत्यय अर्थांसह पाठ करून घेतले, वर्गाच्या भिंतीवर तक्ता लावला, चाचणीत मुलांना गुणही चांगले मिळाले, आणि तरीही धड्यात एखादा अनोळखी लांब शब्द आला की तीच मुले जागच्या जागी थांबतात. तेव्हा या तक्त्यांचा खरोखर काही उपयोग आहे का, 'अन-', 'इन-' आणि 'डिस-' यांपैकी कोणता उपसर्ग कोठे लावायचा याला काही नियम आहे का, आणि घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना हा विषय शिकवायला सुरुवात कोठून करावी. जळगाव जिल्ह्यात मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि त्यातली पहिली काही वर्षे असेच तक्ते पाठ करून घेतले, त्यामुळे ताईंची अडचण मला चांगली ठाऊक आहे.

तक्त्यातील माहिती खरी असते, पण तिचा क्रम वाचणाऱ्याच्या गरजेच्या उलटा असतो. उपसर्ग शब्दाच्या सुरुवातीला येतो म्हणून आपण तो आधी शिकवतो. वाक्यात अडलेल्या मुलाला मात्र पहिल्यांदा हे कळावे लागते की समोरचा शब्द वाक्यात कोणते काम करतो आहे: तो नाम आहे, विशेषण आहे, क्रियापद आहे की क्रियाविशेषण. हे काम शब्दाच्या शेवटी लिहिलेले असते. इंग्रजीत प्रत्यय बहुतेक वेळा शब्दाची जात ठरवतो, आणि उपसर्ग जात तशीच ठेवून अर्थाची दिशा बदलतो. 'हॅपी' विशेषण आहे आणि 'अनहॅपी'देखील विशेषणच आहे. पण 'हॅपी'ला '-नेस' लावला की नाम होते आणि '-ली' लावला की क्रियाविशेषण होते. 'एनरिच' किंवा 'एनेबल' यांच्यातील 'एन-' विशेषणाचे क्रियापद करतो, असे थोडे अपवाद आहेत. ते नंतर सांगता येतात. म्हणून माझे पहिले उत्तर असे की शब्द शेवटाकडून उघडावा: आधी प्रत्यय बाजूला करावा, मग उपसर्ग, आणि उरलेल्या मूळ शब्दाकडे शेवटी पाहावे.

हे मुलांना समजावण्यासाठी मी नेहमी बँकेचा शब्द घेतो, कारण पीककर्जाच्या निमित्ताने तो आपल्याकडे प्रत्येक घरात येतो. 'राष्ट्रीयीकृत बँक' हे शब्द मुलांनी ऐकलेले असतात. १९६९ मध्ये देशातील चौदा मोठ्या खाजगी बँका सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या, त्या घटनेला आपण बँकांचे राष्ट्रीयीकरण म्हणतो. आता फळ्यावर एका बाजूला राष्ट्र, राष्ट्रीय, राष्ट्रीयीकरण असे लिहावे आणि दुसऱ्या बाजूला 'नेशन', 'नॅशनल', 'नॅशनलाइज', 'नॅशनलायझेशन' असे लिहावे. 'नेशन' हे नाम आहे. '-अल' लागून त्याचे विशेषण झाले. '-आइज' लागून त्या विशेषणाचे क्रियापद झाले, म्हणजे 'राष्ट्राच्या मालकीचे करणे'. आणि '-एशन' लागून त्या क्रियापदाचे पुन्हा नाम झाले. मराठीतही राष्ट्राला 'ईय' लागून विशेषण झाले आणि पुढे 'करण' येऊन त्या क्रियेचे नाव झाले. दोन्ही भाषांत जोडणीची रीत एकच आहे आणि प्रत्येक नवा तुकडा आधीच्या तुकड्याच्या शेवटी बसतो. ज्या मुलाने ही साखळी एकदा स्वतःच्या हाताने मांडली, तो 'प्रायव्हेट' पासून 'प्रायव्हटायझेशन' पर्यंत आणि 'मॉडर्न' पासून 'मॉडर्नायझेशन' पर्यंत माझ्या मदतीशिवाय जातो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ही रीत नवीन नसते. 'वावरमा', 'गावले', 'गावना' असे शब्द ते पहिलीत येण्याआधीपासून न अडखळता बोलते, आणि '-मा' म्हणजे आत, '-ले' म्हणजे कडे, '-ना' म्हणजे मालकीचा संबंध हे त्याला कोणी तक्ता करून शिकवलेले नसते. प्रमाण मराठीत हीच कामे 'वावरात', 'गावाला' आणि 'गावाचा' या रूपांनी होतात. एकाच कामासाठी दोन भाषांत दोन वेगळे प्रत्यय असतात हे त्या मुलाला रोज अनुभवावे लागते, त्यामुळे या विषयापुरते ते केवळ प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलापेक्षा एक पाऊल पुढेच असते. शिक्षकाने घरची बोली वर्गाबाहेर ठेवण्याचा आग्रह धरला, तर हे आयते भांडवल वाया जाते. पावरी बोलणाऱ्या मुलांकडूनही त्यांच्याच भाषेतील असे तुकडे शोधून घ्यावेत. ते त्यांना सांगता येतात आणि सांगताना त्यांचा चेहरा खुलतो.

येथे एक भेद मात्र स्पष्ट करायला हवा. '-मा' किंवा '-ले' हे विभक्तिप्रत्यय आहेत. त्यांनी नवा शब्द होत नाही, त्याच शब्दाचे वाक्यातील नाते कळते. 'शेतकरी' मधील 'करी' किंवा 'चांगुलपणा' मधील 'पणा' नवा शब्द घडवतो. इंग्रजीतही हे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात आजच्या इंग्रजीत जेमतेम आठ रूपे उरली आहेत: नामाचे अनेकवचन, नामाची मालकी, क्रियापदाचा वर्तमानकाळी 'एस', भूतकाळी '-एड', त्याचेच धातुसाधित रूप, '-इंग', आणि विशेषणांचे '-अर' व '-एस्ट'. दुसरा वर्ग मोठा आहे आणि शब्दसंपत्ती त्याच्यामुळे वाढते. दोन्ही एकत्र आले की शब्द घडवणारा प्रत्यय आत राहतो आणि वाक्यातील नाते दाखवणारा बाहेर राहतो. 'टीच'ला आधी '-अर' लागतो आणि मग अनेकवचनाचा 'एस' लागतो, जसे 'शेत'ला आधी 'करी' लागतो आणि मग 'ना' लागून 'शेतकऱ्यांना' होते. 'शेतकरी'चे 'शेतकऱ्यां' होते, याला आपण सामान्यरूप म्हणतो. 'हॅपी'ला '-नेस' लागताना शेवटच्या 'वाय'चा 'आय' होतो, तेव्हा मुलांना एवढेच सांगावे की इंग्रजीलाही येथे सामान्यरूपासारखे काहीतरी करावे लागते. 'वाय'चा 'आय' करण्याचा नियम मुले विसरतात, पण सामान्यरूपाची आठवण दिली की 'ब्यूटी'चे 'ब्यूटिफुल' आणि 'इझी'चे 'इझिली' लिहिताना त्यांचा हात बरोबर वळतो.

प्रत्ययांबद्दल मुले जो सर्वांत अवघड प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. भुसावळ जंक्शनवरच्या फलकावर 'अरायव्हल' आणि 'डिपार्चर' हे दोन शब्द शेजारी असतात. दोन्ही क्रियापदांपासून झालेली नामे आहेत, दोन्हींचा व्यवहार एकाच गाडीशी आहे, मग एकाला '-अल' आणि दुसऱ्याला '-उर' का? 'मूव्ह'चे 'मूव्हमेंट', 'इन्फॉर्म'चे 'इन्फर्मेशन', 'रिफ्यूज'चे 'रिफ्यूजल' आणि 'अपिअर'चे 'अपिअरन्स' का? याला नियम नाही, वहिवाट आहे. शेती करणारा 'शेतकरी' असतो पण दुकान चालवणारा 'दुकानकरी' नसतो, तो 'दुकानदार' असतो. गाडी चालवणारा 'गाडीवान' असतो. आणि सराफ बाजारात दागिने घडवणाऱ्या 'सोनार' या शब्दात 'सुवर्णकार'मधला 'कार' झिजून 'आर' उरला आहे. मुलांनी हे कोणत्याही नियमाविना आत्मसात केलेले असते. म्हणून नाम करणारे प्रत्यय वाचताना ओळखायला शिकवावेत. लिहिताना कोणत्या क्रियापदाला कोणता लागतो हे मात्र त्या क्रियापदासोबत जोडीनेच शिकवावे. वाचनासाठी प्रत्ययाचे ज्ञान लगेच उपयोगी पडते, लेखनासाठी ते अपुरे असते, आणि हा फरक न केल्यामुळे पुष्कळ शिक्षक निराश होतात.

'-अर' प्रत्ययाचे एक उदाहरण मी प्रत्येक तुकडीला दिले आहे. 'टीचर' शिकवणारा, 'फार्मर' शेती करणारा, 'ड्रायव्हर' गाडी चालवणारा; त्यामुळे आपल्या आईवर निबंध लिहिताना मुले ती उत्तम 'कुकर' आहे असे लिहितात. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीत 'कुक' म्हणतात आणि 'कुकर' हे भांडे आहे. '-अर' हा करणारी व्यक्ती दाखवतो तसे करणारे साधनही दाखवतो: 'मिक्सर', 'स्प्रेअर', 'स्प्रिंकलर', 'थ्रेशर'. तसेच '-ली' पाहून प्रत्येक शब्द क्रियाविशेषण समजू नये. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' ही विशेषणे आहेत. शिवाय 'हार्ड' म्हणजे कष्टाने आणि 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. माझे वडील शेतात 'हार्डली' काम करतात असे लिहिणारे मूल वडिलांच्या कष्टाचा गौरव करू पाहते आणि वाचणाऱ्याला नेमका उलटा अर्थ कळतो. अशा ठिकाणी लाल शाईने खूण करून सोडून न देता दोन मिनिटे थांबून समजावणे आवश्यक आहे.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. 'अन-', 'इन-' आणि 'डिस-' यांना नियम आहे का, याचे उत्तर इतिहासात आहे. 'अन-' हा इंग्रजीचा घरचा उपसर्ग आहे. तो जुन्या इंग्रजीपासून चालत आला आहे. 'इन-' आणि 'डिस-' हे लॅटिनचे आहेत आणि १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून आलेल्या शब्दांबरोबर, आणि पुढे थेट लॅटिनमधून घेतलेल्या शब्दांबरोबर, ते इंग्रजीत आले. याशिवाय ग्रीकमधून 'अ-' किंवा 'अॅन-' आला. म्हणजे नकारासाठी इंग्रजीकडे एक घरचे आणि काही पाहुण्यांचे शब्द जमा झाले. मराठीची स्थिती वेगळी नाही. अशक्य, निरुपयोगी, बेइमान, गैरहजर, नापसंत, बिनचूक या सहा शब्दांत सहा वेगळे नकार आहेत. त्यांतले काही संस्कृतचे आहेत आणि काही फारसी-अरबीच्या वाटेने आलेले आहेत. आपण कधी 'बेशक्य' किंवा 'अइमान' म्हणत नाही, कारण शब्द ज्या घरून आला त्याच घरचा नकार बहुधा बरोबर घेऊन येतो. मात्र 'बेचव' आणि 'बेभान' या शब्दांत परका उपसर्ग आपल्या शब्दाला इतका मिसळून गेला आहे की तो परका वाटत नाही. इंग्रजीत 'सर्टन' आणि 'प्लेझंट' हे शब्द फ्रेंचकडून आले, तरी त्यांना घरचा 'अन-' लागून 'अनसर्टन' आणि 'अनप्लेझंट' झाले.

यातून एक अंदाज बांधता येतो, आणि मी त्याला नियम न म्हणता अंदाजच म्हणतो. '-एड' किंवा '-इंग' शेवटी असलेल्या विशेषणाला बहुधा 'अन-' लागतो: 'अनफिनिश्ड', 'अनइंटरेस्टिंग', आणि आपल्या रेल्वेच्या डब्यावरचा 'अनरिझर्व्हड'. लॅटिन वळणाच्या '-इबल', '-एंट' किंवा '-एट' या शेवटांना बहुधा 'इन-' लागतो: 'इनक्रेडिबल', 'इनडिपेंडंट', 'इनॅक्युरेट'. 'डिस-' मुख्यतः क्रियापदांना लागतो: 'डिसअग्री', 'डिसओबे', 'डिसलाइक'. 'डिसऑनेस्ट' आणि 'डिसलॉयल' यांसारखी विशेषणे वेगळी पाठ करावीत. या अंदाजाचा सर्वांत सुंदर पुरावा पुढील जोड्यांत आहे. 'एबल'चे 'अनेबल' होते, पण 'अबिलिटी'चे 'इनअबिलिटी' होते. 'इक्वल'चे 'अनइक्वल', पण 'इक्वॅलिटी'चे 'इनइक्वॅलिटी'. 'स्टेबल'चे 'अनस्टेबल', पण 'स्टॅबिलिटी'चे 'इनस्टॅबिलिटी'. शेवटी लॅटिन वळणाचा '-इटी' आला की सुरुवातीचा नकारही लॅटिनचा होतो. म्हणजे शब्दाचे शेपूट त्याच्या डोक्यावर परिणाम करते, आणि प्रत्यय आधी पाहावा या माझ्या आग्रहाला हे आणखी एक कारण आहे.

'इन-'ची रूपे मात्र पूर्णपणे नियमाने चालतात आणि तो नियम आपल्या मुलांना व्याकरणाच्या तासाला आधीच शिकवलेला असतो. 'पी', 'बी' किंवा 'एम' समोर आला की 'इन-'चा 'इम-' होतो: 'इम्पॉसिबल', 'इम्बॅलन्स', 'इम्मॉरल'. 'एल' समोर तो 'इल-' होतो: 'इल्लीगल'. 'आर' समोर तो 'इर-' होतो: 'इर्रेग्युलर'. उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, सत् आणि जन मिळून सज्जन होतो, त्याच सोयीने हे घडते. तोंडाला एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना कमी कष्ट पडावेत म्हणून आधीचा ध्वनी नंतरच्यासारखा होतो. व्यंजनसंधीचा पाठ आणि इंग्रजीचा पाठ एकाच आठवड्यात घेतला, तर दोन्ही विषयांचा फायदा होतो. लॅटिनच्या 'अॅड-' या उपसर्गाचेही असेच होते, आणि त्यामुळे कितीतरी शब्दांच्या स्पेलिंगमधील जोड अक्षरांचे कारण सापडते. 'अकोमोडेशन' या शब्दात दोन 'सी' आणि दोन 'एम' का, तर 'अॅड' मधला 'डी' पुढच्या 'सी'सारखा झाला आणि त्यानंतर 'कॉम'चा 'एम' 'मोड'च्या 'एम'ला भेटला. मी शिकवलेल्या पदवीधरांनाही हा शब्द अचूक लिहिता येत नसे, आणि हे कारण सांगितल्यावर तो पुन्हा चुकल्याचे मी फार क्वचित पाहिले.

स्पेलिंगपुरता दुसरा एक भरवशाचा नियम येथेच सांगतो: उपसर्ग लागताना मूळ शब्दाचे एकही अक्षर जात नाही. म्हणून 'मिस' आणि 'स्पेल' मिळून दोन 'एस' येतात, 'अन' आणि 'नेसेसरी' मिळून दोन 'एन' येतात, पण 'डिसअपॉइंट' आणि 'डिसअपिअर' यांत एकच 'एस' राहतो, कारण 'अपॉइंट' आणि 'अपिअर' यांच्या सुरुवातीला 'एस' नाही. '-ली' लागतानाही 'फायनल' आणि 'केअरफुल' यांचा 'एल' टिकतो, म्हणून तेथे दोन 'एल' होतात.

मुलांना मनापासून आवडणारा भाग म्हणजे संस्कृतशी असलेले नाते, आणि तो सांगताना मलाही दरवेळी आनंद होत असे. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे मांडले, आणि पुढच्या अभ्यासाने ते पक्के झाले. इंग्रजीचा विशेषणाला लागणारा 'अन-', लॅटिनचा 'इन-', ग्रीकचा 'अॅन-' आणि आपला 'अ' किंवा 'अन्' हे चारही एकाच मुळाचे आहेत. भूमितीच्या पुस्तकातील 'परिमिती' आणि इंग्रजी 'पेरिमीटर' यांच्यात 'परि' आणि 'पेरि' सख्खे आहेत. 'आंतरराष्ट्रीय' आणि 'इंटरनॅशनल' यांच्यात 'अंतर्' आणि 'इंटर' सख्खे आहेत. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला 'इष्ठ' आणि इंग्रजीचा '-एस्ट' एकच आहेत, त्यामुळे संस्कृत 'स्वादिष्ठ' आणि इंग्रजी 'स्वीटेस्ट' हे दोन शब्द मुळापासून शेवटापर्यंत एकमेकांचे नातलग ठरतात. आणि बसस्थानकावर रोज ऐकू येणारा 'बस' हा शब्द तर मुळात नुसता एक प्रत्यय आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सर्वांना बसता येईल अशा गाडीला 'ओम्निबस' हे लॅटिन नाव मिळाले, ज्याचा अर्थ 'सर्वांसाठी'; त्यातील 'ओम्नि' म्हणजे सर्व, आणि '-बस' हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय, आपल्या 'सर्वेभ्यः' मधल्या 'भ्यः'चा नातेवाईक. पुढे लोकांनी मूळ शब्द टाकून दिला आणि शेपूट ठेवले. ही हकीकत ऐकलेले मूल प्रत्यय म्हणजे काय हे सहसा विसरत नाही.

मूळ शब्दांसाठी खान्देशात शिक्षकाला दूर जावे लागत नाही. आमच्या वर्गात कपाशीवाल्या घरचा एक मुलगा होता. 'इन्सेक्टिसाइड', 'फंगिसाइड' आणि 'वीडिसाइड' या सगळ्यांच्या शेवटी एकच आवाज का येतो, असे त्याने एके दिवशी विचारले. मी त्यालाच डबे पाहून लिहून आणायला सांगितले. '-साइड' हा मारण्याचा अर्थ असलेल्या लॅटिन क्रियापदातून आला आहे हे मी सांगण्यापूर्वीच त्याने 'मारणारे औषध' असा अर्थ स्वतः काढला होता, आणि मग 'जर्मिसाइड' हा शब्द त्याला न शिकवता कळला. 'वीडिसाइड' मध्ये 'वीड' इंग्रजीचा आणि शेवट लॅटिनचा आहे, 'बेचव' सारखाच. शुद्ध लॅटिन घराण्याचा शब्द 'हर्बिसाइड' हा आहे. खताच्या गोणीवरचे 'डायअमोनियम फॉस्फेट' हे नाव घेतले तर 'डाय' म्हणजे दोन, आपल्या 'द्वि'चा भाऊ, आणि '-एट' म्हणजे त्या संयुगात ऑक्सिजन आहे अशी खूण. 'सल्फाइड' आणि 'सल्फेट' यांतला फरकही तोच आहे. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, 'टिश्यू कल्चर'ची रोपे मुलांना माहीत असतात. तेथून 'अॅग्रिकल्चर', 'हॉर्टिकल्चर', 'सेरिकल्चर', 'एपिकल्चर' आणि 'पिसिकल्चर' असे जाता येते: शेत, बाग, रेशीम, मधमाशी आणि मासे. ठिबकच्या जाहिरातीतील 'मायक्रो इरिगेशन' मधला 'मायक्रो' धरला की 'मायक्रोन्यूट्रिएंट', 'मायक्रोस्कोप' आणि 'मायक्रोफोन' एका रांगेत येतात. असे शब्द मुलांच्या घरात आधीपासून असतात, आणि घरातला शब्द उलगडला की परका शब्द उलगडण्याची हिंमत येते.

ज्या ठिकाणी ही रीत फसवते त्या जागाही शिक्षकाने आधी दाखवून ठेवल्या पाहिजेत. महामार्गावरून जाणाऱ्या इंधनाच्या टँकरवर 'इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले असते. 'इन-' म्हणजे नाही असे पाठ केलेले मूल त्याचा अर्थ न पेटणारे असा करील, आणि ही चूक गुणांपुरती राहणारी नाही. येथील 'इन-' हा 'आत' या अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे, 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणे, आणि पूर्ण शब्दाचा अर्थ सहज पेट घेणारे. याच गोंधळामुळे 'फ्लेमेबल' हा दुसरा शब्द त्याच अर्थाने प्रचारात आणला गेला. न पेटणारे याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. 'इनहॅबिटेड' मध्येही नकार नाही, वस्ती आहे. 'इनव्हॅल्युएबल' मध्ये नकार आहे, पण अर्थ कवडीमोल असा नाही. ज्याचे मोल करता येत नाही असे, म्हणजे थेट आपला 'अमूल्य'. तसेच 'रिझर्व्ह', 'प्रिझर्व्ह', 'कन्झर्व्ह' आणि 'ऑब्झर्व्ह' यांतले मूळ सेवा करण्याचे नसून राखण्याचे आहे: मागे राखणे, आधीपासून राखणे, जपून राखणे, लक्ष राखणे. लॅटिनमध्ये ही दोन वेगळी क्रियापदे होती. 'अंकल' मध्ये 'अन-' नाही आणि 'रीडिंग' मध्ये 'री-' नाही, हेही एकदा सांगावे लागते. पडताळा सोपा आहे: तुकडा काढल्यावर जे उरते तो ओळखीचा शब्द किंवा मूळ आहे का, आणि मिळालेला अर्थ त्या वाक्यात बसतो का. दुसरा पडताळा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

'अन-' हा खरे तर एक नसून दोन आहेत, हेही मोठ्या मुलांना सांगण्यासारखे आहे. विशेषणाला लागणारा 'अन-' नकार दाखवतो, आणि क्रियापदाला लागणारा केलेले काम उलटवतो: 'टाय' म्हणजे बांधणे, 'अनटाय' म्हणजे सोडणे, न बांधणे नव्हे. त्यामुळे 'अनलॉकेबल' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. 'अनलॉक' आधी केला आणि मग '-एबल' लावला तर कुलूप उघडता येण्यासारखे. 'लॉकेबल' आधी केला आणि मग 'अन-' लावला तर कुलूप लावताच न येण्यासारखे. कोणता तुकडा आधी जोडला यावर अर्थ ठरतो.

उच्चाराकडे मराठी माध्यमात दुर्लक्ष होते. काही प्रत्यय शब्दातील आघात हलवतात आणि स्वर बदलतात. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, आहे, 'फोटोग्राफी' मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक' मध्ये तिसऱ्यावर. 'इलेक्ट्रिक' मधला 'क' 'इलेक्ट्रिसिटी' मध्ये 'स' होतो. '-नेस', '-फुल' आणि '-लेस' हे घरचे प्रत्यय मात्र मूळ शब्दाच्या उच्चाराला धक्का लावत नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करणे सोयीचे असते.

नवे शब्द घडवण्याबाबत मुलांना घाबरवू नये. 'पोस्टपोन' वरून आपल्या देशात 'प्रीपोन' झाला. तो आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, आणि उपसर्ग योग्य असल्यामुळे ऐकणाऱ्याला तो लगेच कळतो. आपला 'वाला'ही इंग्रजी शब्दकोशांत पोहोचला आहे. परंतु कार्यालयांत सर्रास लिहिला जाणारा 'अपडेशन' मी मुलांना लिहू देत नाही, कारण 'अपडेट' हे स्वतःच नाम आहे आणि प्रमाण इंग्रजीत त्याला '-शन'ची जोड मान्य नाही.

शेवटी ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. भिंतीवरचा तक्ता काढू नये, पण तो निम्म्याहून लहान करावा. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत, शालेय वाचनातील उपसर्गयुक्त शब्दांपैकी ५८ टक्के शब्द 'अन-', 'री-', 'इन-' त्याच्या रूपांसह, आणि 'डिस-' या चारच उपसर्गांचे निघाले. म्हणून आठवीला हे चार आणि त्यांच्या जोडीला 'मिस-' व 'प्री-' एवढे पुरेसे आहेत. चाळीस पाठ करण्यात जो वेळ गेला तो वाचनाला द्यावा. प्रत्ययांत पहिल्या महिन्यात '-अर', '-नेस', '-फुल', '-लेस' आणि '-ली' घ्यावेत, दुसऱ्या महिन्यात '-एबल', '-मेंट' आणि '-शन', आणि '-इटी' त्यानंतर. रोज एकच मूळ शब्द फळ्यावर मधोमध लिहावा, उदाहरणार्थ 'केअर' किंवा 'युज', आणि मुलांनी त्याच्या दोन्ही बाजूंना तुकडे जोडत जावे. मिळालेला प्रत्येक शब्द त्याच दिवशी एका वाक्यात वापरावा आणि त्याची शब्दजाती सांगावी. जे वाक्यात वापरता आले नाही ते वहीत उतरवू नये. आठवड्यातून एक दिवस मुलांनी घरातून एक छापील वस्तू आणावी: बियाण्याचे पाकीट, औषधाची पट्टी, रेल्वेचे तिकीट, खताच्या गोणीचा कापलेला तुकडा. त्यावरील लांब शब्द निवडून तो शेवटाकडून सोडवावा आणि शेजारी अहिराणीत, पावरीत किंवा मराठीत असाच जोडलेला एक शब्द लिहावा. औषधाच्या किंवा कीटकनाशकाच्या डब्याऐवजी त्यावरील मजकूर घरीच उतरवून आणण्यास सांगावे, डबा शाळेत आणू देऊ नये.